नियती मानणारे स्टोइकही वैद्याला बोलवत होते

गेल्या आठवड्यात धाकट्या भावाने व्हॉट्सॲपवर एक मजकूर पाठवला. खाली लिहिलं होतं, "दादा, हे वाच. मला पूर्ण पटलंय." तुमच्याकडेही तो आला असेल. त्याचं म्हणणं असं : स्टोइकांच्या, म्हणजे प्राचीन ग्रीस-रोममधल्या एका तत्त्वज्ञान-पंथाच्या मते सगळं आधीच ठरलेलं आहे, म्हणून धडपड आणि औषधपाणी व्यर्थ, जे येईल ते शांतपणे स्वीकारा. इच्छास्वातंत्र्य माणसाला दिलं ते ख्रिस्ती धर्माने. भावाने त्यातले स्टोइक निवडले. त्याची रक्तातली साखर वाढलेली आहे आणि तपासणी तो सहा महिने टाळतोय. म्हणून हे लिहितोय.

आधी औषधपाण्याचं बघू, कारण त्याने जीव जाऊ शकतो. हा युक्तिवाद स्टोइकांचा नाहीच. तो त्यांना अडचणीत आणण्यासाठी त्यांच्यावर फेकला जायचा आणि त्याला नावच होतं 'आळशी युक्तिवाद'. रोमन वक्ता आणि विचारवंत सिसेरोने इ.स.पू. ४४ मध्ये नियतीवर लिहिलेल्या ग्रंथात तो दिला आहे : बरं होणं तुझ्या नशिबात असेल तर वैद्य बोलाव वा न बोलाव, तू बरा होशील, नसेल तर होणार नाहीस, मग वैद्य कशाला? आपल्याकडचं 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' तेच. भावाने पाठवलेला मजकूरही तोच, आणि वर नाव स्टोइकांचं!

त्याच ग्रंथात स्टोइक पंथाचा तिसरा प्रमुख ख्रिसिपस याचं उत्तरही आहे. तो म्हणतो, काही घटना जोडीनेच ठरलेल्या असतात. ग्रीक पुराणकथेतल्या लायस राजाला मुलगा होणार असं विधिलिखित असेल, तर तो बाईजवळ जावो न जावो, मूल होईलच असं म्हणता येत नाही. नामांकित मल्ल मायलो ऑलिंपियात कुस्ती खेळणार असेल, तर समोर जोडीदार लागतोच. आणि मग ते वाक्य, जे भावाने दहा वेळा वाचावं : वैद्याला बोलावणं हे बरं होण्याइतकंच नियत आहे. म्हणजे औषध नियतीच्या विरुद्ध जात नाही, नियती औषधातूनच जाते.

आता एक गोष्ट कबूल करावी लागते. स्टोइक खरोखरच नियतिवादी होते. कारणाशिवाय काहीही घडत नाही, ही त्यांची पक्की भूमिका. गाडीला बांधलेला कुत्रा राजीखुशीने चालला काय नि फरफटत गेला काय, जाणार गाडीच्याच मागे, हा दाखलाही त्यांच्याच नावावर आहे, आणि तो मला आजही बोचतो. पण ख्रिसिपसचा दुसरा दाखला पंचपात्रीसारख्या लांबट गोल दंडाचा आहे : धक्का बाहेरून मिळतो, पण दंड गडगडतो तो स्वतःच्या आकारामुळे. प्रसंग आपल्या हातात नसतो, त्याला होकार देणं आपलं असतं. जन्माने गुलाम असलेला स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटस तर सांगायचा, माझ्या पायात बेडी घालाल, पण माझी निवड झ्यूससुद्धा जिंकू शकणार नाही. हे ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनच्या जन्माआधी दोनशेहून अधिक वर्षं.

ख्रिस्ती बाजूही मजकुरात सांगितली आहे तितकी सरळ नाही. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात प्रेषित पौल कुंभार आणि मातीचा दाखला देतो : मला असं का घडवलंस, हे माती कुंभाराला विचारू शकत नाही. उतारवयातला ऑगस्टीन म्हणतो, देवाच्या कृपेशिवाय माणसाची इच्छा देवाकडे वळूच शकत नाही. कॅथलिक विद्वान इरॅस्मसने १५२४ मध्ये इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडली; प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथरने पुढच्याच वर्षी उत्तर दिलं की इच्छा बद्ध आहे. दुसरा प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विन याच्या मते कोण तरणार हे देवाने आधीच ठरवलेलं. उलट कॅथलिक चर्चने १५४७ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत जाहीर केलं की आदामाच्या पापाने माणसाचं इच्छास्वातंत्र्य नष्ट झालेलं नाही. 'ख्रिस्ती मत' म्हणून यातलं नेमकं कोणतं घ्यायचं?

राहता राहिलं मुकाट स्वीकारणं. रोमन सम्राट व्हेस्पेशियनने हेल्विडियस प्रिस्कस या स्टोइक सदस्याला सिनेटमध्ये, म्हणजे रोमच्या राज्यसभेत, येऊ नकोस म्हणून बजावलं. तो म्हणाला, मला सदस्य न ठेवणं तुझ्या हातात आहे, पण सदस्य आहे तोवर मी येणारच. एपिक्टेटस ही गोष्ट शिष्यांना आदर्श म्हणून सांगत असे. हेल्विडियसला पुढे हद्दपार करून मारलं गेलं.

सिसेरोचा तो उतारा मी भावासाठी वहीत उतरवून घेतलाय. रविवारी त्याच्याकडे मुक्कामाला जातोय. सोमवारी सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं आहे, आणि मी त्याच्याबरोबर जाणार आहे.