एकाच्या जागी एक

पावती क्रमांकांची बेरीज जुळवायची होती, बाकी काही नाही. क्रमांक १ ते १,००,०००. आर या प्रोग्रामिंग भाषेत यादी केली, बेरीज मागितली: ५,००,००,५०,०००. मग स्क्रिप्टने नेहमीप्रमाणे पहिली नोंद पुन्हा भरली, आणि भर मीटिंगमध्ये पडद्यावर बेरजेच्या जागी उमटलं ‘एनए’, म्हणजे ‘नॉट अव्हेलेबल’.

ऑडिटवाल्या काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

“आधी पहिल्या जागी काय होतं?”

“एक.”

“आणि आता?”

“एक.”

“म्हणजे एकाच्या जागी एक ठेवलात.”

“हो.”

“आणि बेरीज गेली.”

“हो काका.”

काकांनी अजेंड्याच्या पाठीवर पहिला नि शेवटचा आकडा मिळवला, पन्नास हजारांनी गुणलं. “पाचशे कोटी पन्नास हजार. आमच्याकडे अव्हेलेबल आहे हो!” सगळे खिदळले. साहेबसुद्धा, ज्यांना एक्सेलमधलं व्हीलुकअपचं सूत्रही मी लावून देतो.

आता काकांना कोण सांगणार, की आरही हेच करतो? २०१८ च्या ३.५.० आवृत्तीपासून सलग आकड्यांची यादी तो मांडतच नाही. सुरुवात, लांबी, पायरी एवढंच टिपून ठेवतो आणि बेरीज विचारली की काकांचंच सूत्र लावतो. सॉर्ट केलेल्या यादीलाही ‘ही क्रमाने आहे’ अशी चिठ्ठी जोडून ठेवतो, पुन्हा तपासायला नको म्हणून. हुशार आहे, नाही कोण म्हणतो? फक्त स्वतःचं वजन विचारू नये. १ ते १ अब्जची यादी खरी हजार बाइटचीही नसते, पण आकार मोजणारं त्याचंच फंक्शन, ऑब्जेक्ट-साइझ, सांगतं ४ अब्ज बाइट. तो आकडा दाखवून मी आयटीकडे रॅम मागितली होती. दिली नाही ते सोडा, उत्तरही नाही.

तर यादीला हात लागला की हे टिपण रद्द. ठीक आहे, आकडा बदलला असेल अशी शंका रास्त आहे. मग तो एकेक आकडा मिळवत बसतो, तेही ६४ बिटांत, म्हणजे बरोबर उत्तर शेवटपर्यंत त्याच्या हातात असतं! पण ते २,१४,७४,८३,६४७ च्या वर गेलं, साध्या पूर्णांकात मावेना, म्हणून सरळ फेकून देतो. सूत्राने काढलेलं तेवढंच मोठं उत्तर मघाशी डबलमध्ये, म्हणजे मोठे आकडे मावणाऱ्या प्रकारात, मुकाट्याने दिलं होतंस ना? आणि वर वॉर्निंगमध्ये मलाच उपदेश, आधी ॲज-डॉट-न्यूमेरिक लावा, म्हणजे आकडे डबलमध्ये बदला म्हणून. अरे, काय लावायचं ते तुला ठाऊक आहे, तर तूच लाव की!