ढग पळवणारं विमान? त्या पिंपांत पाणी आहे

परवा मामांचा फोन आला. "पेरणी थांबवली. मिलिटरीचं इमान ढग पळवून राह्यलं, तं पाणी कुठून येईन?" मेसेज तीन गावांच्या ग्रुपवर फिरतोय: प्रवासी विमानाचं बनवलेलं लष्करी विमान, आत रसायनाची पिंपं, मागं पांढरे पट्टे आणि त्यामुळं विदर्भात दुष्काळ.

पिंपांचा फोटो आधी घेतो, सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. तो लष्करी विमानाचा नाहीच. नवं प्रवासी विमान विकण्याआधी चाचणीसाठी उडवतात. प्रवाशांच्या वजनाच्या जागी पाण्यानं भरलेली पिंपं ठेवतात. ती नळ्यांनी एकमेकांना जोडलेली असतात. पाणी पुढून मागं नेलं की विमानाचा तोल बदलतो, आणि तसं ते कसं उडतं ते तपासतात. जन्मभर पाठीवर पंप घेऊन फवारणी केलेल्या माणसानं निदान नोझल कुठं आहे एवढं तरी विचारायचं!

मेसेजमध्ये बाहेरून दाखवलंय ते विमान केसी-10. डीसी-10 या प्रवासी विमानावरून ते बनलं, एवढं मेसेजमधलं खरं. पण ते इंधनाचं टँकर होतं, शेपटीखालच्या नळीतून उडत्या विमानांना इंधन देणारं. अमेरिकी हवाई दलानं 2024 मध्ये ते निवृत्त केलं. भारताकडं ते कधीच नव्हतं.

पट्ट्यांचं म्हणाल, तर 1 किलो इंधन जळलं की सुमारे सव्वा किलो पाण्याची वाफ होते. खाली वावरात 45 अंश असले तरी दहा-अकरा किलोमीटरवर उणे 40 असतं, तिथं वाफेचे बर्फकण होतात. 2016 मध्ये 77 तज्ज्ञांना विचारलं होतं. 76 जणांनी गुप्त फवारणीचा पुरावा दिसला नाही असं सांगितलं.

विमानातून ढगांत क्षार सोडतात, हे मान्य. पुण्याच्या हवामान संस्थेनं सोलापूरकडं तसा प्रयोग केला, पण तो पाऊस वाढवायला. त्यालाही आधी ढग लागतातच.

या मेसेजनं नुकसान केलंय ते पेरणीचं. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाला की पेरा, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. मामांच्या वावरात तेवढा पाऊस कधीच झालाय, वीतभर ओल आहे. सोयाबीनचं बियाणं घरात पोत्यात पडून, आणि मामा आभाळाकडं विमान शोधतायत. मामा, ओल उडायच्या आत उद्याच तिफण काढा. मी येतोय.