काढून ठेवलेलं दूध विष नसतं

गेल्या महिन्यात बाळाच्या लशीसाठी आलेल्या एका आईने मला सांगितलं, की चार दिवस थोडं थोडं करून जमवलेलं अंगावरचं दूध तिने मोरीत ओतून दिलं. ती बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात हिशेबाचं काम करते. रजा संपत आली होती. नणंदेच्या मोबाइलवर एक मेसेज आला, सासूबाईंनी तो वाचून घेतला आणि घरभर भीती पसरली.

तोच मेसेज आता माझ्याकडेही तीन ग्रुपवरून आलाय. त्याचा सारांश असा: पिळून काढलेलं दूध अर्ध्या तासात विष होतं. फ्रिजमधल्या दुधाने बाळाला सर्दी होते. दूध काढायचं मशीन लावलं की अंगावरचं दूध आटतं. करंट गेला की फ्रिजमधलं सगळं फुकट. म्हणून कामावर जायच्या पंधरा दिवस आधीच बाळाला वरचं दूध सुरू करा.

मी बारा वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात सिस्टर आहे, आणि या मेसेजने मला मनापासून राग आलाय. ज्या बाईला वाट मोकळी हवी, नेमका तिच्यापुढेच तो अडसर उभा करतो.

आधी ‘विष’ हा शब्द. सासूबाईंचा त्यावर विश्वास का बसला, ते मी समजू शकते. त्यांनी जन्मभर गवळ्याकडून म्हशीचं रतीब घेतलं. वैशाखात न तापवलेलं दूध दुपारपर्यंत फाटताना पाहिलं. पण ते दूध गोठ्यातून बादलीत, बादलीतून कॅनमध्ये, कॅनमधून मापात आणि मग आपल्या पातेल्यात येतं. आईचं दूध धुतलेल्या हाताने थेट उकळून घेतलेल्या वाटीत पडतं. शिवाय त्यात लॅक्टोफेरिन, लायसोझाइम, प्रतिपिंडं असे जंतूंची वाढ रोखणारे घटक असतात. म्हशीच्या दुधाचा नियम त्याला लागू पडत नाही.

मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली. दुग्धपेढीत आयांनी दिलेलं दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवतात, गोठवून ठेवतात आणि दिवस भरायच्या आत जन्मलेल्या नाजूक बाळांना पाजतात. काढून साठवलेलं दूध विष असतं, तर दवाखान्यातल्या सगळ्यांत अशक्त बाळांना ते कुणी दिलं असतं का?

मर्यादा आहेत, त्या नीट लक्षात ठेवायला हव्यात. खोलीत २५ अंशांपर्यंत गारवा असेल तर ताजं काढलेलं दूध ४ तास चांगलं राहतं. फ्रिजमध्ये ४ दिवस, तेही दारात नाही, आत मागच्या बाजूला. वेगळ्या दाराच्या फ्रीझरमध्ये ६ महिने. आपल्याकडे बहुतेक घरांत एकाच दाराचा फ्रिज असतो. त्याच्या बर्फाच्या कप्प्यात दोन आठवड्यांहून जास्त ठेवू नये. बेळगाव-खानापुरात पावसाळ्यात आणि थंडीत हा ४ तासांचा हिशेब चालतो. एप्रिल-मेमध्ये अथणीकडे पत्र्याच्या घरात तो चालणार नाही. तिथे काढल्याबरोबर फ्रिजमध्ये, नाहीतर गोठवलेल्या बर्फाच्या पिशव्या घातलेल्या थर्मास-डब्यात ठेवा. तशा डब्यात २४ तासांपर्यंत राहतं. बाळाने तोंड लावलेलं उरलं तर मात्र २ तासांनंतर टाकायचंच. फ्रिजमध्ये वितळवलेलं २४ तासांत संपवायचं आणि पुन्हा गोठवायचं नाही.

आणखी एक. फ्रिजमधल्या दुधावर साय येते, खाली निळसर पाणी दिसतं आणि बायका ‘फाटलं’ म्हणून टाकतात. ते फाटलेलं नसतं. डबी हलक्या हाताने गोल फिरवली की एकजीव होतं. कधी साबणासारखा वास येतो. दुधातलं लायपेज नावाचं विकर स्निग्धांश मोडतं, त्याचा तो वास. बाळ पीत असेल तर खुशाल पाजा.

सर्दीचं उत्तर छोटं आहे. सर्दी विषाणूने होते, गार दुधाने नाही. कोमट हवं असेल तर गरम पाण्याच्या भांड्यात डबी थोडा वेळ ठेवावी. गॅसवर उकळू नये, कारण उकळल्यावर प्रतिपिंडं नष्ट होतात. मायक्रोवेव्हमध्येही नको, मधलाच एखादा भाग तोंड भाजेल इतका तापतो. आणि बाटलीच पाहिजे असं काही नाही. आपल्या आज्यांचं बोंडलं (चोच असलेली छोटी वाटी) आहे, वाटी-चमचा आहे. बाटली-बुचापेक्षा ते घासायला आणि उकळायला कितीतरी सोपं.

मशीनने दूध आटतं, या भीतीवर जास्त बोलायला हवं, कारण ती सगळ्यांत खोल आहे. ज्यांच्या घरी गोठा आहे त्यांना माहीत असतं की धार काढली नाही तर गाय आटते. आईचंही तसंच. दूध तुंबून राहिलं की शरीर ते कमी करतं. रिकामं होत राहिलं की पुन्हा भरतं. कामावरच्या आठ-नऊ तासांत काहीच काढलं नाही, तर दूध आटतं ते त्याने. त्याआधी ते साकळतं, गाठी होतात, ताप येतो. मशीन त्यावरचा उपाय आहे.

मग हा समज कुठून आला? बाई पहिल्यांदा मशीन लावते, वाटीत १५-२० मिली पडतं आणि तिला वाटतं, संपलं. बाळ ज्या ताकदीने ओढतं तसं कुठलंच मशीन ओढत नाही, त्यामुळे निघालेल्या दुधावरून अंगावर किती आहे ते ठरत नाही. बाळाचं पोट नुकतंच भरलं असेल तर कमीच निघणार. मशीनने दुखत असेल तर त्याचं नरसाळं चुकीच्या मापाचं असू शकतं. मशीन परवडत नसेल तर हात आहेत: अंगठा आणि बोटं स्तनाग्राच्या दोन-तीन सेंटिमीटर मागे ठेवा, आधी छातीकडे दाबा, मग एकमेकांकडे, मग सोडा. कातडीवर बोटं घसरवू नका. आधी गरम पाण्याचा शेक घेतला की पान्हा लवकर येतो. निपाणीकडे विड्या वळणाऱ्या बायकांना मी आवर्जून सांगते: पाजण्याआधी किंवा काढण्याआधी साबणाने कोपरापर्यंत हात धुवा आणि तंबाखूची भुकटी बसलेली साडी बदला.

करंटचं म्हणाल तर हेस्कॉमची वीज जाते, हे कोण नाकारेल? पण दार उघडलं नाही तर फ्रिज ४ तास गार राहतो. गच्च भरलेला वेगळा फ्रीझर ४८ तास गोठलेला राहतो, अर्धा भरलेला २४ तास. जागा रिकामी असेल तर पाण्याच्या बाटल्या गोठवून भरा.

आता शेवटचा सल्ला, पंधरा दिवस आधी वरचं दूध. खरं नुकसान इथे आहे. जागतिक आरोग्य संघटना पहिले ६ महिने फक्त अंगावरचं दूध सांगते. गाई-म्हशीचं दूध पाणी घालून पाजलेली बाळं मी जुलाबाने सुकून वॉर्डात आलेली पाहिली आहेत. हे सगळं तायी कार्ड (कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारं आरोग्य कार्ड) देताना सांगितलं जातं, पण कन्नडमध्ये. महाराष्ट्रातल्या चंदगड-गडहिंग्लजहून सून म्हणून आलेल्या मुलीला ते वाचता येत नाही, आणि मराठीत तिच्यापर्यंत सगळ्यांत आधी पोचतो तो हा मेसेज.

कायदाही तिच्या बाजूने आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन बाळांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा झाली. जेवणाची सुट्टी सोडून, बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसाला दोन सुट्ट्या आधीपासूनच आहेत. ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाता यायला हवं. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा घेतलेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे आहे. कागदावर असलेलं हातात पडतंच असं नाही. माझ्या पहिल्या बाळाच्या वेळी मी दुसरीकडे नोकरीला होते, तेव्हा चादरींच्या खोलीत, कडी नसलेल्या दाराला पाठ लावून दूध काढलंय. म्हणूनच सांगते, संडासात काढू नका. रजेवरून परतायच्या आधीच साहेबांकडे स्वच्छ, कडी असलेली जागा मागा.

आणि त्या पंधरा दिवसांत करायचं काय? सकाळच्या पाजण्यानंतर एकदा काढा, बस्स. मोठा साठा लागत नाही. आई दूर असताना बाळाला तासाला साधारण २५ ते ३५ मिली लागतं, म्हणजे दहा तासांना ३०० मिलीच्या आसपास. पहिल्या दिवसापुरतं फ्रिजमध्ये असलं की पुरे. पुढे आज कामावर दर तीन तासांनी काढलेलं उद्या बाळाला. जाण्याआधी एक दिवस बाळाला सांभाळणाऱ्याकडून बोंडल्याने पाजून बघा, आणि तेव्हा तुम्ही घराबाहेर जा.

उद्यमबागेतल्या त्या आईने पुन्हा काढायला सुरुवात केलीय. सोमवारपासून तिची हजेरी आहे. फ्रिजमध्ये मागच्या बाजूला चार लहान डब्या आहेत, प्रत्येकीवर चिकटपट्टी, आणि तारीख-वेळ सासूबाईंच्या अक्षरात.