‘सवंग’ या शब्दापुरते उत्तर

पुरुषांच्या जननेंद्रियावर उमटणाऱ्या ठिपक्यांविषयीच्या माझ्या लेखावर आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे: मी डॉक्टर नाही, ‘यांतले बहुतेक ठिपके निरुपद्रवी असतात’ हे वाक्य वाचून एखादा खरा रुग्ण घरी बसून राहील, उपदंशाला, म्हणजे सिफिलिस या लैंगिक संसर्गाला, मी शेवटी जेमतेम दोन ओळी दिल्या. आणि मग आपले शेवटचे वाक्य, जसेच्या तसे: ‘असल्या विषयावर सवंगपणे लिहून वाचक गोळा करण्याचा धंदा मराठीत तरी नको.’

आधी माझी चूक मान्य करतो. शिश्नमुंडाच्या, म्हणजे लिंगाच्या टोकाच्या, कडेने येणाऱ्या मोत्यासारख्या पुटकुळ्यांना मी एका ठिकाणी ‘फोड’ म्हटले होते. फोडात पाणी किंवा पू असतो आणि या पुटकुळ्या भरीव असतात, हे आपण कंसात का होईना, अचूक दाखवून दिलेत. तो शब्द मी काल बदलला आहे. त्याबद्दल आभार.

आता ‘सवंग’. हा शब्द आपण सहज टाकला असेल, पण मला तो सहज गिळता येत नाही. या विषयावर सवंग काय असते, हे मी एस. टी. स्टँडच्या मुतारीत वाचलेले आहे, रेल्वेच्या रुळांकडेच्या भिंतींवर वाचलेले आहे: ‘गुप्तरोग, शर्तिया इलाज’, आणि खाली खोलीचा पत्ता. 1998 साली मी वीस वर्षांचा होतो, पुण्यात कॉट बेसिसवर राहत होतो आणि अशाच एका पत्त्यावर गेलो होतो. लिंगाच्या त्वचेवर, ती थोडी ताणली की दिसणारे, मोहरीहून लहान पिवळसर ठिपके मला आढळले होते. वडिलांना विचारणे शक्य नव्हते, खोलीतल्या मुलांना विचारले असते तर वर्षभर तोच विषय झाला असता, आणि मराठीत या ठिपक्यांविषयी एक ओळ छापलेली मला कुठे सापडली नाही. पडद्यामागच्या त्या माणसाने नीट पाहिलेसुद्धा नाही. ‘वाईट सवय आहे का?’ एवढे विचारून त्याने चाळीस दिवसांची पावडर दिली, आणि तिने काही होईना तेव्हा जाळणारे एक औषध लावायला दिले. ठिपके गेले नाहीत. कातडी मात्र भाजली, आणि तिथला पांढरा व्रण अजून आहे. आईने मेसच्या बिलासाठी पाठवलेली मनीऑर्डर त्यात संपली.

शेवटी सरकारी रुग्णालयाच्या त्वचा विभागात गेलो, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी भिंगातून पाहिले आणि मला आरशासमोर उभे करून स्वतःचा ओठ आतून उलटून पाहायला सांगितले. तिथेही तेच पिवळसर दाणे होते. या तेलग्रंथी आहेत, एरवी त्या केसाच्या मुळाशी असतात, इथे केसाशिवायच त्वचेत असतात, त्या कुणाकडून लागत नाहीत आणि कुणाला लावता येत नाहीत, असे त्यांनी सांगितले. जॉन अ‍ॅडिसन फोर्डाइस या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञाने त्यांचे वर्णन 1896 सालीच करून ठेवले होते, तेही ओठांवरच्या दाण्यांवरून. वृषणाच्या पिशवीवर वयानुसार येणाऱ्या, फुगलेल्या केशवाहिन्यांच्या लालजांभळ्या ठिपक्यांचे वर्णनही त्याच वर्षी त्याच माणसाने केले. शंभर वर्षे उलटल्यावरही ही गोष्ट माझ्यापर्यंत माझ्या भाषेत पोहोचली नव्हती, ती पडद्यामागच्या माणसाच्या पथ्यावर पडली. आपण ज्याला सवंग म्हणता, तो या न पोहोचण्यावरचा माझा इलाज आहे. आपण स्वतःचे नावही न लिहिता मला मर्यादा शिकवायला आला आहात, तेव्हा हे एवढे सविस्तर सांगणे भाग पडले.

आणखी एक घर सांगतो, म्हणजे न बोलण्याची किंमत कळेल. माझ्या एका मित्राच्या शिश्नमुंडावर दर काही महिन्यांनी लाल, मग काळपट होत जाणारा गोल डाग उठे, तोही दर वेळी नेमक्या त्याच जागी. त्याने बायकोवर संशय घेतला, ती माहेरी गेली, दोन वर्षे बोलणे बंद. तो डाग गोळीचा होता. जुलाब लागले की दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली एक गोळी तो घेई आणि काही तासांत तो डाग पुन्हा पेटे. काही प्रतिजैविकांनी आणि वेदनाशामकांनी अशी ठरावीक जागी उठणारी प्रतिक्रिया येते आणि शिश्नमुंड ही तिची नेहमीची जागा आहे. गोळी बंद केली की डाग फिका पडत जातो. तीच गोळी पुन्हा घेतली की परत येतो. हे मी त्या लेखात तीन परिच्छेदांत लिहिले होते. आपल्या प्रतिक्रियेत त्याचा उल्लेखही नाही.

मी डॉक्टर नाही, हे लेखाच्या पहिल्याच ओळीत आहे. ‘बहुतेक ठिपके निरुपद्रवी असतात’ हे वाक्य आपण अर्धेच उचलले. त्याचा उरलेला भाग असा होता: ‘पण जो ठिपका नवा आहे, वाढतो आहे, चिघळला आहे, रक्त देतो आहे, जिथली त्वचा पांढरी व कडक होऊन मागे सरकेनाशी झाली आहे, किंवा जो दोन आठवड्यांत बरा होत नाही, तो डॉक्टरांना दाखवलाच पाहिजे.’ अर्धे वाक्य वाचून पूर्ण निकाल देणाऱ्याला मी आणखी काय समजवावे?

उपदंशाविषयी दोनच ओळी होत्या, हे खरे. त्यांत सांगितले होते की त्याची जखम बहुधा दुखत नाही, संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी दिसते आणि उपचार न करताही भरून येते, रोग मात्र अंगात राहतो. म्हणून रक्ततपासणी करावी, पेनिसिलिनने तो बरा होतो, आणि सरकारी रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये तपासणी मोफत व गोपनीय असते. याहून जास्त त्या लेखाचा विषय नव्हता.

आपली प्रतिक्रिया मी काढणार नाही. परवा परभणीकडच्या एका मुलाचे पत्र आले आहे. वय बावीस, लग्न ठरलेले, आणि शिश्नमुंडाच्या कडेने ओळीत बसलेल्या बारीक, एकसारख्या पुटकुळ्यांना तो दोन महिने जंतुनाशकाने घासतो आहे. वर्णनावरून त्या मोत्यासारख्या पुटकुळ्याच वाटतात. त्या संसर्गाच्या नसतात आणि वयाबरोबर बहुधा कमी दिसू लागतात, पण घासून सोललेल्या कातडीवर नेमके काय आहे हे पत्रावरून सांगता येत नाही. ते जंतुनाशक आजच बंद कर आणि जिल्हा रुग्णालयाच्या त्वचा विभागात दाखव, एवढे त्याला लगेच कळवले. होणाऱ्या बायकोला हे सांगावे का, असेही त्याने विचारले आहे, आणि त्याचे उत्तर मला अजून लिहायचे आहे.