वितळवलं म्हणजे वाचवलं असं नसतं

गेले काही दिवस एक मेसेज सगळीकडे फिरतोय, मलाच पाच-सहा जणांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी तर खाली "आता तरी शेड रिकामी कर" असं लिहून. मेसेजचा सारांश असा: जुन्या गाड्यांचे पार्ट साठवणं म्हणजे निव्वळ पसारा. लोखंड शंभर टक्के रिसायकल होतं. पार्ट लागलाच तर नवा मिळतो, नाही मिळाला तर थ्रीडी प्रिंट करता येतो. जुना पार्ट लावणं धोक्याचं, त्याने धूर ओकणाऱ्या गाड्या जिवंत राहतात, आणि शेवटी हा श्रीमंतांचा शौक आहे, त्यामुळे साध्या माणसाने सगळं भंगारात घालून मोकळं व्हावं.

मी वीसेक वर्षं गाड्या खोलतोय, पार्ट धुतोय, चिठ्ठ्या बांधून फळीवर ठेवतोय. हा मेसेज वाचून एखाद्याने आजोबांच्या गाडीचा गिअरबॉक्स उद्या वजनावर घालू नये म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

"लोखंड शंभर टक्के रिसायकल होतं"

यातलं अर्धं खरं आहे आणि ते मी आधीच मान्य करतो. पोलाद पुन्हा पुन्हा वितळवता येतं, खनिजापासून नवं करण्यापेक्षा त्यात ऊर्जा खूप कमी लागते, आणि जी गाडी खरंच संपलीय तिने भट्टीतच जावं. पण गाडी भट्टीत जाते कशी ते बघा. ऑइल, बॅटरी, टायर काढतात, उरलेलं दाबून चपटं करतात, मग ते मोठ्या श्रेडरमध्ये जातं आणि मुठीएवढे तुकडे होऊन बाहेर पडतं, त्यातलं लोखंड चुंबक उचलून घेतो. आता गाडीत वायरिंग असतं, सेल्फ असतो, वायपरची मोटर, काचेची मोटर, पंख्याची मोटर, सगळ्यांत तांब्याच्या तारा गुंडाळलेल्या, त्यातलं थोडं तांबं लोखंडाला चिकटूनच पुढे जातं. एकदा का ते वितळलेल्या पोलादात मिसळलं की बाहेर काढायची सोपी रीत नाही, कारण तांबं जळून जायच्या आधी लोखंडच जळायला लागतं. आणि तांबं वाढलं की गरम पोलाद लाटताना पृष्ठभागावर चिरा पडतात. गाडीच्या दरवाजाला, बॉनेटला जो पातळ पत्रा लागतो त्यात तांबं साधारण ०.०६ टक्क्याच्या आतच चालतं, बांधकामाच्या सळईला मात्र ०.४ टक्क्यापर्यंत खपून जातं. त्यामुळे श्रेडरमधून गेलेल्या गाडीची बऱ्याचदा सळई होते, आणि तिचा परत पत्रा करायचा तर खनिजापासून केलेलं ताजं लोखंड मिसळून तांब्याचं प्रमाण खाली आणावं लागतं.

ॲल्युमिनियमचंही तेच, ओतीव भागातलं सिलिकॉन वेगळं काढता येत नाही म्हणून ते परत ओतकामातच जातं. सीटचा फोम, प्लास्टिक, रबर, काच यांचा जो चुरा उरतो तो बराचसा जाळतात नाहीतर पुरतात. युरोपियन युनियनने २००० साली बाद गाड्यांसाठी जो कायदा केला त्यातलं २०१५ पासूनचं उद्दिष्टही वजनाच्या ९५ टक्क्यांचं होतं, आणि त्यातले १० टक्के ऊर्जेसाठी जाळून भागवले तरी चालत होते, म्हणजे खऱ्या अर्थाने पुन्हा वापर आणि रिसायकल मिळून ८५. शंभर टक्के हा आकडा कायद्यातच नाही. आणि त्याच कायद्याचा क्रम असा आहे की जो भाग परत वापरता येतो तो आधी वापरा, नाहीच जमलं तर मग पुढचं.

बरं, आकडे सोडा. समजा उद्या खरंच शंभर टक्के धातू परत मिळाला, तरी माझं म्हणणं तेच राहील, कारण पार्ट म्हणजे नुसता धातू नाही. क्रॅंकशाफ्ट घ्या, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा इंजिनातला दांडा. आधी फोर्जिंग म्हणजे तापवून ठोकून आकार देणं, मग मशीनिंग, जर्नल म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे भाग हार्ड केलेले, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या हिशेबात ग्राइंड केलेले, शेवटी बॅलन्सिंग. क्राउन-पिनियन, म्हणजे चाकांच्या अ‍ॅक्सलला फिरवणारी मोठ्या-छोट्या गिअरची जोडी, तर कारखान्यातच एकमेकांवर घासून जोडीने बसवलेले असतात, म्हणून दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो, एकाचा क्राउन आणि दुसऱ्याचा पिनियन लावलात की गाडी रडायला लागते. भट्टीत टाकलं की यातलं फक्त वजन परत मिळतं, माप आणि मेहनत गेली ती गेलीच.

"पार्ट नवा मिळतो, कंपन्या परत बनवतात"

बनवतात, आणि मला त्याचा आनंदच आहे. निस्सानने २०१७ मध्ये स्कायलाइन जीटीआर आर-३२ साठी पार्ट परत काढायला सुरुवात केली, टोयोटाने २०२० पासून सुप्राच्या जुन्या मॉडेलांसाठी. एमजीबी गाडीचं उत्पादन १९८० ला थांबलं होतं आणि १९८८ मध्ये तिचा अख्खा नवा बॉडीशेल, म्हणजे गाडीचा पत्र्याचा सांगाडा, परत मिळायला लागला. पण तो कशामुळे? तर पत्रा ठोकायच्या मूळ डाय म्हणजे साचे बऱ्याच शिल्लक होत्या, जुन्या ब्रिटिश गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या ब्रिटिश मोटर हेरिटेजने त्या शोधून गोळा करून दुरुस्त केल्या. त्या डायसुद्धा कधीतरी कुणाला नुसतं जड लोखंडच वाटल्या असणार. तेव्हाच सगळ्या वजनावर गेल्या असत्या तर आज ते शेल नसते. म्हणजे हे उदाहरण मेसेजच्या बाजूचं नाहीच, ते जपणाऱ्यांच्या बाजूचं आहे.

दुसरं म्हणजे ही सगळी नावाजलेली मॉडेलं. साध्या डिलिव्हरी व्हॅनचे, कामाच्या टेम्पोचे, कुणाच्या पहिल्या छोट्या गाडीचे पार्ट परत कोण बनवणार?

एका जुन्या व्हॅनची वायपर मोटर माझ्याकडे आली होती. मोटर फिरत होती, आवाज येत होता, वायपर मात्र अर्ध्यावर जाऊन थरथरत थांबायचा. खोलल्यावर दिसलं की आतलं फायबरचं गिअर, रुपयाच्या नाण्यापेक्षा जरासं मोठं, त्याचे एका बाजूचे तीन दाते साफ झिजून गेलेले आणि बाकीचं अगदी नव्यासारखं, कारण वायपर रोज त्याच जागी उलटतो आणि तिथेच मार खातो. तेवढ्या तीन दात्यांपायी पावसात व्हॅन बाहेर काढता येत नव्हती. चार महिने शोधलं, नवं कुठेच नाही, पूर्ण मोटरही नाही. शेवटी एका यार्डात तशीच एक व्हॅन दाबायला रांगेत उभी दिसली, मी विनंती करून तिची मोटर काढून घेतली, ऑपरेटर प्रेस चालू करून वाट बघत होता. त्या मोटरचा पंखा तुटलेला, बॉडी गंजलेली, आणि गिअर एकदम कोरं. अर्धा तास उशीर झाला असता तर ते गिअर चपट्या गठ्ठ्यात गेलं असतं आणि माझ्याकडची चालती व्हॅन तेवढ्यासाठी उभीच राहिली असती.

"थ्रीडी प्रिंट करता येतो"

हा मुद्दा लोकांना सगळ्यात पटतो आणि यातच सगळ्यात मोठी गफलत आहे. पोर्शेने २०१८ मध्ये ९५९ या गाडीच्या क्लचचा रिलीज लिव्हर प्रिंट करून दिला हे खरंय, त्या गाड्या २९२ च बनल्या होत्या, एवढ्यासाठी साचा करणं परवडणारच नव्हतं, अशा ठिकाणी हे तंत्र फार उपयोगाचं आहे. पण प्रिंट कशावरून करणार? ड्रॉइंग असेल तर ड्रॉइंगवरून, ते बहुतेकांकडे नसतं, मग हातात मूळ पार्ट लागतो. आणि तोही कमी झिजलेला, नाहीतर तुम्ही झीजसुद्धा जशीच्या तशी कॉपी करता. एकच नमुना मिळाला तर मूळ माप किती आणि झीज किती हे कळत नाही, तीन-चार असले की अंदाज येतो. म्हणून मी तुटलेला पार्टही लगेच टाकत नाही, तसे चार तुटके पार्ट वेगवेगळ्या जागी मोडलेले असतात, चारही मिळून एक पूर्ण माप निघतं.

शिवाय आकार जमला म्हणजे पार्ट जमला असं नाही. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, तो बीडाचा असला तर त्याचे लोब म्हणजे त्यावरचे फुगवटे ओततानाच पटकन थंड करून कडक केलेले असतात, वरून कडक आणि आतून तेवढे ठिसूळ नाहीत, दिसायला तसाच दुसरा कॅम बनवलात आणि हे जमलं नाही तर तो लवकर झिजतो.

आणि ८०-९० च्या दशकातल्या गाड्यांचे ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारे इलेक्ट्रॉनिक कंट्रोल बोर्ड? त्यातल्या कित्येक चिपा आता बनत नाहीत, कपॅसिटर गळून बोर्ड खातात, आणि चालू अवस्थेतला बोर्ड दुसऱ्याच्या दुरुस्तीला लागतो. हे प्रिंटरमधून येत नाही. माझ्या मते आत्ता जपायची सगळ्यात जास्त गरज याच वस्तूंची आहे, शंभर वर्षांपूर्वीच्या गाडीचं बूश, म्हणजे दांड्याभोवतीची धातूची नळी, लेथवर कुणीही काढून देईल, तीस वर्षांपूर्वीचा कंट्रोल बोर्ड नाही देणार.

"जुने पार्ट धोकादायक"

काही आहेतच, आणि इथे मी मेसेजशी भांडणार नाही. ब्रेकचे होजपाइप, जुने टायर, सीटबेल्ट, एअरबॅग हे साठवून परत लावू नका. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगमधलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने बिघडलं आणि बॅग उघडताना धातूचे तुकडे उडून माणसं मेली, भंगारातल्या गाडीची एअरबॅग काढून बसवणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा सायलेन्सरच्या वाटेतला डबा, तोही फळीवर ठेवू नका, त्यातलं प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम काढून घेणाऱ्यांकडे जाऊ द्या. पण या यादीवरून दरवाजाचं बिजागर, हेडलाइटची रिंग, गिअरबॉक्सचं कव्हर धोकादायक ठरत नाही ना.

"धूर ओकणाऱ्या गाड्या जगतात"

अमेरिकेत २००९ साली सरकारने जुन्या गाड्या मोडीत काढायला पैसे दिले, साधारण ६ लाख ७७ हजार गाड्या गेल्या. इंजिन परत चालूच होऊ नये म्हणून ऑइल काढून सोडियम सिलिकेटचं द्रावण भरायचं आणि इंजिन जाम होईपर्यंत चालवायचं असा नियम होता. प्रदूषणासाठी इंजिन बाद करायचं हे कारण मला समजतं. पण बाकीची गाडीसुद्धा १८० दिवसांत चिरडायची होती, म्हणजे काच, दरवाजे, मागचा अ‍ॅक्सल, जे काही तेवढ्या वेळात निघेल ते निघेल. दरवाजा धूर सोडत नाही.

"श्रीमंतांचा शौक"

उलट आहे. नवी गाडी घेणं परवडतं त्याला जुन्या पार्टची गरज नसते. आणि हे फक्त शौकिनांचं कामही नाही, व्होल्वो १९४५ पासून वापरलेले जुने पार्ट परत घेऊन दुरुस्त करून विकतेय, रेनोचा फ्रान्समधल्या शुआझी-ल-रुआचा कारखाना १९४९ पासून इंजिन-गिअरबॉक्स खोलून नवे करत होता. त्या पद्धतीचा कच्चा माल म्हणजे तुमच्याकडचा जुना पार्टच.

आता मेसेजमधली एक गोष्ट मला टोचली आणि ती बरोबर आहे, पसारा. कोपऱ्यात गंजत पडलेला ढीग म्हणजे जपणं नव्हे. बेअरिंग कॅप, म्हणजे क्रॅंकशाफ्टला धरून ठेवणारं झाकण, त्याच इंजिनाच्या ब्लॉकसोबत ठेवा, ती त्या ब्लॉकवर बसवूनच बोअर केलेली म्हणजे गोल कोरलेली असते, कनेक्टिंग रॉडच्या कॅपचंही तसंच. क्राउन-पिनियन एकत्र बांधा. रॉकेलमध्ये धुवा, कोरडं करा, ऑइल लावून मेणकागदात गुंडाळा. जुन्या कार्बोरेटरच्या जस्ताच्या ओतीव बॉडीला शिशाच्या भेसळीमुळे आतून चिरा पडत जातात आणि एक दिवस हातात चुरा येतो, ते थांबवता येत नाही, म्हणून तिची मापं आणि फोटो आत्ताच घेऊन ठेवा. चिठ्ठीवर मॉडेल, साल, डावं का उजवं, पार्ट नंबर आणि त्यात काय खराब आहे हे पेन्सिलने लिहा, बॉलपेनची शाई ऑइलमध्ये पसरते.

त्या व्हॅनचं झिजलेलं गिअर माझ्याकडे अजून आहे, चिठ्ठीवर "तीन दाते गेले, बाकी माप घ्यायला चांगलं" असं लिहिलंय.