गोधडीत पळवाटेचा नकाशा नव्हता

अमेरिकेत फेब्रुवारी हा कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना. त्या सुमारास एक गोष्ट हमखास फिरते: गुलामगिरीतून पळणाऱ्यांना वाट दाखवायला कुंपणांवर गोधड्या वाळत घालत. ‘मंकी रेंच’ची नक्षी दिसली की अवजारं गोळा करायची, ‘वॅगन व्हील’ दिसली की सामान बांधायचं, ‘बेअर्स पॉ’ म्हणजे अस्वलांच्या वाटेने डोंगर ओलांडायचा, आणि ‘लॉग केबिन’चा मधला चौकोन काळा असेल तर ते घर आसऱ्याचं. १९९९मध्ये आलेल्या एका पुस्तकाने ही गोष्ट घरोघरी पोचवली. शाळेत ती शिकवतात, आणि विकायला ठेवलेल्या जुन्या गोधडीच्या किमतीच्या चिठ्ठीवरही ती दिसते. मी जुन्या अमेरिकन गोधड्या जमवते, आणि ही गोष्ट मला मुळीच पटत नाही. तिच्या बाजूने लोक जे सांगतात ते एकेक घेऊ.

‘या नक्षी गुलामगिरीच्या काळातल्याच आहेत.’ काही आहेत, सगळ्या नाहीत. संकेतांच्या यादीत ‘डबल वेडिंग रिंग’ असते. एकमेकींत गुंतलेल्या कड्यांची ही नक्षी घराघरात पोचली १९२०च्या दशकाच्या अखेरीस. गुलामगिरी संपली १८६५ साली. अशी गोधडी हातात आली तर कापड उजेडात धरून बघा. फिकट गुलाबी, पोपटी, पिवळ्या छापाचे तुकडे असतात. काहींचं विणकाम विरळ असतं आणि कडेला सुईच्या भोकांची सरळ रांग दिसते. कोंबड्यांच्या खाद्याची छापील पोती उसवून ते कापड वापरल्याची ही खूण. म्हणजे गोधडी साधारण १९३०च्या दशकातली किंवा नंतरची. ‘लॉग केबिन’च्या, तारीख घातलेल्या जुन्यात जुन्या गोधड्याही १८६०च्या दशकाच्या अखेरच्या. नावांचं तर आणखी अवघड. आज आपण वापरतो त्यातली कित्येक नावं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मासिकांमधून आणि सेंट लुइसच्या लेडीज आर्ट कंपनीच्या नमुन्यांच्या यादीतून रूढ झाली. एकाच नक्षीला या गावात एक नाव, पलीकडच्या गावात दुसरं. मग सगळ्यांना कळेल असा संकेत त्यातून ठरणार कसा?

‘गुपित होतं, म्हणून कोणी बोललं नाही.’ पण १८६५ नंतर गुपित ठेवायचं कारणच उरलं नव्हतं, आणि लोक भरभरून बोललेही. फिलाडेल्फियाचे विल्यम स्टिल स्वतः कृष्णवर्णीय, त्यांचे आईवडील गुलामगिरीत राहिलेले. आश्रयाला आलेल्या शेकडो जणांच्या हकीकती त्यांनी लिहून ठेवल्या आणि १८७२मध्ये छापल्या. कोण कुठून निघालं, काय वेष घेतला, कोणी मदत केली, सगळं त्यात आहे. पुढे गुलामगिरीविरोधी वक्ते म्हणून गाजलेले फ्रेडरिक डग्लस १८३८मध्ये खलाशाचा वेष करून, दुसऱ्याची कागदपत्रं खिशात घालून बाल्टिमोरहून आगगाडीने निसटले. एलन क्राफ्ट यांनी १८४८मध्ये आजारी गोऱ्या मळेवाल्याचं सोंग घेतलं आणि नवऱ्याला नोकर म्हणून बरोबर नेलं. हेन्री ब्राउन १८४९मध्ये लाकडी खोक्यात बसून रिचमंडहून फिलाडेल्फियाला पार्सल होऊन पोचले. एवढ्या बारीकसारीक युक्त्या नोंदल्या गेल्या, त्यात गोधड्यांचा संकेत कुठेच नाही.

‘लिहायला-वाचायला बंदी होती, पुरावा तोंडीच असणार.’ बरोबर, म्हणून तोंडी साक्षच पाहू. १९३६ ते १९३८ या काळात सरकारी योजनेतून, पूर्वी गुलामगिरीत राहिलेल्या २,०००हून अधिक वृद्धांच्या आठवणी टिपल्या गेल्या. मुलाखत घेणारे बहुतेक गोरे, त्यामुळे सगळं मोकळेपणाने सांगितलं गेलं नसेल, हे मान्य. तरी त्यांत गोधड्या शिवायला जमलेल्या बायका आहेत, संकेत नाही. पुस्तकातली हकीकत मुळात आली ती चार्ल्सटनमध्ये गोधड्या विकणाऱ्या एका बाईंकडून, त्यांच्या घराण्याची आठवण म्हणून. त्या आठवणीचा मान ठेवावा. पण एका घराण्याच्या आठवणीवरून, गुलामगिरी होती त्या साऱ्या दक्षिण अमेरिकन राज्यांचा इतिहास मांडता येत नाही.

‘गोष्ट छान आहे, मुलांना आवडते, बिघडलं काय?’ बिघडतं ते इथे. शिवणाऱ्या बायांनी स्वतः जे सांगितलं ते या गोष्टीखाली गाडलं जातं. हॅरिएट पॉवर्स १८३७मध्ये जॉर्जियात गुलामगिरीत जन्मल्या. कापडाच्या आकृत्या वर शिवून त्यांनी बायबलमधले प्रसंग गोधडीवर मांडले. १८८६मध्ये जॉर्जियातल्याच अथेन्स गावच्या प्रदर्शनात जेनी स्मिथ या चित्रकार बाईंनी ती मागितली, तेव्हा पॉवर्स यांनी विकायला नकार दिला. पुढे हातातोंडाची गाठ पडेना तेव्हा दहा डॉलर मागून पाचाला दिली. देताना एकेका चौकोनाचा अर्थ सांगितला आणि स्मिथ यांनी तो लिहून घेतला. ती गोधडी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. बॉस्टनच्या संग्रहालयातल्या त्यांच्या दुसऱ्या गोधडीत १८३३ सालच्या उल्कावर्षावाची रात्र आहे. गोधडीत अर्थ शिवल्याचा याहून पक्का पुरावा कोणता हवा? आणि आपण मात्र ‘मंकी रेंच’ पाठ करत बसतो.

विक्रेत्याने चिठ्ठीवरचा संकेत वाचून दाखवला, तर त्याला शिवणारीचं नाव विचारा, गाव विचारा, गोधडी कोणाच्या घरातून निघाली ते विचारा. कोपऱ्यात शाईने किंवा टाक्यांनी घातलेलं नाव, जुनं पत्र, घरातला फोटो, यातलं काही मिळालं तर तो कागद गोधडीपासून कधी वेगळा करू नका. जास्तीचे पैसे मोजायचे असतील तर त्या कागदासाठी मोजा.