स्कोप गेला म्हणे!

स्प्रिंगवाल्या एअर रायफलचा झीरो, म्हणजे नेम धरला तिथेच छर्रा लागायची जुळणी, हलला की निकाल ठरलेला: स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, गेला. अहो, स्कोप रायफलवर धरणाऱ्या माउंटचे स्क्रू कोणी बघायचे? या रायफलीचा धक्का दुहेरी असतो, आधी मागे, मग पिस्टन आदळला की पुढे. त्या दुसऱ्या हिसक्याने माउंट डोव्हटेलवर, म्हणजे रायफलच्या पाठीवरच्या खाचांवर, मागे सरकतं. माउंटच्या कडेला पेन्सिलने खूण करा, वीस छर्रे मारा, माउंट खुणेवरून सरकलं की चोर सापडला. माउंटला अडवणारी स्टॉप पिन रायफलवरच्या भोकात बसवा, स्क्रूंवरचं तेल पुसा. आणि स्कोपभोवतीच्या रिंगा पाना मोडेस्तोवर आवळू नका हो! स्कोपची नळी चेपते, आतली हलती नळी अडकते, मग टरेट, म्हणजे नेम जुळवायची घुंडी, फिरवूनही छर्रा ढिम्म जागचा हलत नाही.

त्याहून वैताग म्हणजे टरेट वरच्या टोकापर्यंत फिरवून ठेवणं. ब्रेक-बॅरलची, म्हणजे नळी मोडून छर्रा भरायच्या रायफलीची, नळी बहुधा किंचित खाली झुकलेली असते, छर्रा खाली लागतो, म्हणून टरेटला क्लिकवर क्लिक देत सुटतात. पाव एमओएची (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) क्लिक २५ मीटरवर जेमतेम १.८ मिलिमीटर! तिकडे स्कोपच्या आतली स्प्रिंग सैल पडते आणि झीरो भटकतो. टरेट मधोमध आणा, नळीचा उतार भरून काढणारं माउंट लावा. तरीही भटकला, तर दुसरा स्कोप लावून बघा. मग खुशाल स्कोपला शिव्या द्या.